दादाचा सगळ्यात चांगला सामना

माझा दादा कॉलेजच्या बास्केटबॉल संघात सेंटर होता, हे आमच्या घरी आलेल्या माणसाला चहाच्या आधी कळायचं. बाबाच सांगायचे. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. स्वतः पाच फूट चार इंच, डोळ्याला भिंग लावून दिवसभर चिमट्याने तिळाएवढे स्क्रू उचलायचे. अशा माणसाच्या पोटी सहा फूट पाच इंचांचा मुलगा. बाजारातले लोक विचारायचे, "घड्याळजी, तुमच्या घरात हा मनोरा कुठून उगवला?" बाबा भिंग न काढता म्हणायचे, "घड्याळ लावायला मनोराच लागतो."

तेव्हापासून दादाचं नाव मनोरा पडलं.

शाळेत असताना त्याला त्या उंचीची लाज वाटायची. मान खाली, खांदे पुढे, गुडघे जरा वाकवलेले, असा चालायचा. खाट पुरत नाही म्हणून आईने पायथ्याला स्टूल लावलं होतं आणि दोन चादरी जोडून एक शिवली होती. स्वयंपाकघराच्या चौकटीवर त्याचं कपाळ इतक्यांदा आपटलं होतं, की तिथला रंग उडाला होता. आई म्हणायची, "अरे, ताठ चाल. चोरी केल्यासारखा काय चालतोस?" तेव्हा त्याने काहीच केलं नव्हतं. मी त्याच्याहून चार वर्षांनी लहान. मी त्याच्याबरोबर रस्त्याने जायची ती दोन पावलं मागून, कारण पोरंटोरं त्याला "वर पाऊस पडतोय का?" असं विचारायची आणि मला हसू दाबता यायचं नाही.

कॉलेजात प्रवेशाच्या रांगेत उभा असताना खेळाच्या सरांनी त्याला पाहिलं. सरांच्या गळ्यात सदा शिट्टी, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे शिट्टी सर म्हणत. ते रांगेपाशी आले, दादाला खालून वर पाहिलं आणि म्हणाले, "उडी मी शिकवीन. नेम शिकवीन. उंची कुणाला शिकवता येत नाही. चल."

पहिले सहा महिने नुसती फजिती. चेंडू हातात येण्याआधी छातीवर आदळायचा. धावताना पायात पाय. पण सरांनी पिच्छा सोडला नाही. सेंटरने रिंगखालची जागा धरून ठेवायची, समोरच्याला तिथे शिरू द्यायचं नाही, आणि नेम चुकून रिंगवरून परत आलेला चेंडू इतरांच्या डोक्यावरून काढून घ्यायचा, हे एवढंच त्यांनी त्याच्याकडून रोज सकाळी दोन तास घोटून घेतलं. दुसऱ्या वर्षी दादाला ते जमायला लागलं. आणि तो ताठ चालायला लागला. आई त्याच्याकडे बघत राहायची. बाबांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या घड्याळातला बिघाड सांगण्याआधी सामन्याची वेळ सांगायला सुरुवात केली.

अभ्यासात मात्र दादा यथातथाच. दुसऱ्या वर्षी सांख्यिकीत नापास झाला. तिसऱ्या वर्षी पुरवणी परीक्षेत तो विषय सुटला नाही, तर पुढे संघात ठेवता येणार नाही, असा नियम होता. आणि पुरवणीचा पेपर नेमका आला तो आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या दिवशी. पेपर सकाळी अकराला, सामना दुपारी चारला, आमच्याच मैदानावर.

आता मोतीबद्दल सांगायला हवं. मोती त्याच संघातला राखीव खेळाडू. अंगाने बेताचा, उंचीनेही बेताचा, तीन वर्षं बाकावर बसून टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळणारा. अक्षर मोत्यासारखं म्हणून त्याला मोती म्हणत. त्यावर मुलं कुत्र्याला बोलवावं तशी शीळ घालून त्याला हाक मारायची, तरी तो हसून ओ द्यायचा. हुशार होता. सांख्यिकीत त्याला वर्गात सगळ्यात जास्त गुण होते. त्याची आई एका इस्पितळात रुग्णांचे कपडे धुण्याच्या कामावर होती, आणि घरात कॉलेजची पायरी चढलेला तो पहिलाच.

पेपरच्या आदल्या दिवशी दुपारी दादाने मला एक बंद पाकीट दिलं. मी तेव्हा त्याच कॉलेजात अकरावीत होते. म्हणाला, "हे ग्रंथालयात मोतीला नेऊन दे. मला सरावाला जायचंय." पाकीट पातळ होतं. उजेडासमोर धरल्यावर आतला दादाचा फोटो दिसला. हॉल तिकीट. मी काही बावळट नव्हते. मी ते नेऊन दिलं. मोतीने ते वहीत ठेवलं आणि मला म्हणाला, "दादाला सांग, नीट झोप म्हणावं."

दादाला तो पेपर झेपणार नव्हता आणि सामन्याआधी त्याला विश्रांती हवी होती, म्हणून त्याच्या नावाने मोतीने पेपर लिहायचा, हे सगळं सरांनी जुळवलं होतं. त्या वर्गावर पहाऱ्याला कोण असणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि तो माणूस त्यांच्या ओळखीचा होता. दादा आणि मोती, दोघांचे चेहरे लांबट, दोघांना मिशी. "फोटोत उंची येत नाही," असं सर दादाला म्हणाले होते. पण तो ओळखीचा माणूस त्या दिवशी आजारी पडला आणि त्याच्या जागी रसायनशास्त्राच्या बाई आल्या. बाईंनी हॉल तिकिटावरचं नाव वाचलं. आदल्याच आठवड्यात त्यांनी उपांत्य सामना पाहिला होता. त्या मोतीला म्हणाल्या, "जरा उभे राहता का?"

मोती उभा राहिला. तेवढं पुरेसं होतं.

साडेबाराला कॉलेजचा शिपाई आमच्या घरी आला. दादा खाटेवर पाय वर करून पडला होता, सरांनी सांगितल्याप्रमाणे. शिपाई म्हणाला, प्राचार्यांनी बोलावलंय, आत्ताच्या आत्ता. मीही त्याच्यामागून गेले.

प्राचार्यांच्या खोलीचं दार उघडंच होतं. मी बाहेर बाकाशी उभी राहिले. आत टेबलामागे प्राचार्य, खिडकीशी शिट्टी सर, एका बाजूला रसायनशास्त्राच्या बाई आणि मधोमध मोती. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना शाई लागली होती आणि ती तो अंगठ्याने पुसत होता. टेबलावर दादाचं हॉल तिकीट.

प्राचार्यांनी विचारलं, "हे तुझं?"

"हो सर."

"ह्याच्याकडे कसं गेलं?"

दादाने शिट्टी सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर, मैदानावर चुन्याच्या रेघा मारणाऱ्या माळ्याकडे बघत होते. मग दादा म्हणाला, "माझं हॉल तिकीट हरवलं होतं सर. परवापासून सापडत नव्हतं."

"मग पेपरला का आला नाहीस?"

"तिकीटच नव्हतं. आणि बरंही वाटत नव्हतं."

प्राचार्य मोतीकडे वळले. "तुला काय सांगायचंय?"

मोतीने आधी दादाकडे पाहिलं, मग सरांकडे, आणि मग उघड्या दारातून माझ्याकडे. मला त्या खोलीत जायला दोन पावलं टाकावी लागली असती. पाकीट मी दिलं, एवढं म्हणायचं होतं. मी मान फिरवली आणि भिंतीवरच्या सूचनाफलकावरची वेळापत्रकं वाचायला लागले. आत मोती म्हणाला, "काही नाही सर."

त्याला तीन वर्षं परीक्षेला बसायची बंदी झाली. तो पिशवी घेऊन माझ्या अंगावरून गेला. मी अजून वेळापत्रक वाचत होते.

चार वाजता सामना सुरू झाला. मला वाटलं होतं, दादाच्या हातून चेंडू सुटेल, पाय अडखळतील, काहीतरी होईल. तसलं काही झालं नाही. दादा त्या दिवशी जसा खेळला तसा ना आधी कधी खेळला होता, ना नंतर खेळला. रिंगखाली भिंत उभी केल्यासारखा होता. सत्तावीस वेळा परतलेला चेंडू त्याने वरच्या वर काढून घेतला. समोरच्यांचा सेंटर शेवटी कंबरेवर हात ठेवून नुसता उभा राहिला. आम्ही वीस गुणांनी जिंकलो. पोरांनी दादाला खांद्यावर घेतलं, आणि तो मुळात एवढा उंच, की तोल जाऊन सगळेच पडले. लोक हसले, टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. बाबा रडत होते. बाकावर मोतीच्या जागी कुणीतरी टॉवेल ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. दादा हवेत, दोन्ही हातांत चेंडू. बाबांनी तो चौकट करून दुकानात लावला. आजारपणाचं प्रमाणपत्र सरांनी मिळवलं, पेपर पुन्हा झाला, खेळाडूंचे वाढीव गुण मिळाले आणि दादा काठावर सुटला.

पुढची कारकीर्द सांगण्यासारखी फार नाही. एक वर्ष विद्यापीठाच्या संघात. मग पाणीपुरवठा खात्यात खेळाडू म्हणून नोकरी लागली आणि खात्याच्या संघात सहा वर्षं. अठ्ठाविसाव्या वर्षी उडी मारून उतरताना उजवा गुडघा फिरला तो फिरलाच. त्यानंतर दादा घरोघरी पाण्याचे मीटर वाचत फिरला. मीटर जमिनीलगत असतात. एवढा मोठा माणूस दिवसातून शंभरदा गुडघ्यावर हात दाबून वाकायचा. पुढे कोठारात बदली झाली, नळाच्या तोट्या आणि वॉशर मोजायला. लग्न झालं, दोन मुली झाल्या. तो पुन्हा वाकून चालायला लागला होता, आणि सगळे म्हणायचे, गुडघ्यामुळे. मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं की मला माहीत आहे. तेहतीस वर्षांत आम्ही दोघांनी त्यावर एक अक्षर काढलं नाही. एका ताटात जेवलो, आईबाबांना दोघांनी मिळून पोहोचवलं, पण तो विषय निघेल असं वाटलं की दोघांपैकी एकजण पाणी प्यायला उठायचा.

बाबा गेल्यावर दुकान आवरलं आणि फोटो दादाच्या घरी आला. वहिनीने तो हौसेने दिवाणखान्यात लावला. दादा तेव्हापासून त्या भिंतीकडे पाठ करून बसतो, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. पण बायका नवऱ्याच्या पाठीकडे कुठवर लक्ष देणार.

गेल्या वर्षी कॉलेजने जुन्या खेळाडूंचा सत्कार ठेवला. दादा नको म्हणत होता. वहिनी आणि मुलींनी त्याला नवा सदरा शिवून घालायला लावला. जाताना तो मला हळूच म्हणाला, "तू पण ये." त्याच्या खिशात घडी केलेला कागद होता. मला वाटलं, भाषण असेल.

व्यासपीठावर शिट्टी सर होते. ऐंशी उलटलेली, गळ्यात आता शिट्टीऐवजी चष्म्याची दोरी. त्यांनी दादाच्या दंडाला धरून सांगितलं, "आजारी असताना हा मुलगा अंतिम सामना खेळला. ह्याला म्हणतात निष्ठा." टाळ्या झाल्या. दादा माईकपाशी गेला. माईक त्याच्या पोटाशी येत होता, तो वर करायला एकजण धावला. दादाने खिशातून कागद काढला, उघडला, बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग घडी घातली आणि म्हणाला, "सरांचे आभार. सगळ्यांचे आभार." आणि खाली येऊन बसला.

परतताना वहिनी आणि मुली पुढे चालत होत्या. दादा माझ्या बाजूला होता. म्हणाला, "पाकीट तूच नेलं होतंस ना?"

मी म्हटलं, "हो."

"तुला वाटलं असेल, मी आज सांगीन."

"कागदात तेच होतं का?"

"तेच होतं. तोंडातून शब्द फुटला नाही. तेव्हाही नाही, आताही नाही. पन्नाशी उलटली गं, पण मी त्या खोलीत जसा होतो तसाच आहे."

मी म्हटलं, "मीही."

मोतीचा पत्ता शोधायला तीन आठवडे लागले. तो संगमरवराच्या पाट्यांवर अक्षरं कोरण्याचं काम करत होता. आम्ही दोघंच गेलो. लहानशी जागा, सगळीकडे पांढरी धूळ, भिंतीला टेकवलेल्या घरांच्या आणि दवाखान्यांच्या नावाच्या पाट्या. एक बुटका, पिकल्या मिशीचा माणूस छिन्नी धरून बसला होता. त्याने वर पाहिलं आणि त्याला क्षणही लागला नाही.

"मनोऱ्या," तो म्हणाला. "वाकून ये, चौकट लहान आहे." मग माझ्याकडे पाहून, "पाकीट ह्यांनीच आणलं होतं."

मी भिंतीच्या पाट्या वाचायला लागले.

दादाने उभ्यानेच सगळं सांगितलं. कागद काढला नाही. मी खोटं बोललो, तुझं वाटोळं केलं, तेहतीस वर्षं गप्प बसलो, असं सरळ सांगितलं. मोती ऐकत होता. छिन्नी त्याने खाली ठेवली नाही.

"सरांनी मला काय सांगितलं होतं, माहितीये?" तो शेवटी म्हणाला.

"दमदाटी केली असेल."

"छे. म्हणाले, पेपर लिही, अंतिम सामन्यात तुला पाच मिनिटं उतरवतो. तीन वर्षांत मी एक मिनिट खेळलो नव्हतो. मी आईला सांगितलं होतं, आज ये बघायला. ती सुट्टी काढून आली होती. चार वाजता ती मैदानावर होती आणि मी घरी. तुझा खेळ तिने पूर्ण पाहिला. घरी येऊन म्हणाली, तू दिसला नाहीस, पण तो उंच मुलगा काय खेळतो."

दादा खाली बसला. पाट्यांच्या मधोमध, त्या धुळीत, गुडघा दुखणारा माणूस जमिनीवर बसला.

मग तो म्हणाला, "मला माफ कर असं म्हणायलासुद्धा जीभ उचलत नाही."

"मग म्हणू नकोस," मोती म्हणाला. "मला ते जमेल असं वाटत नाही. राग आता येत नाही, पण माफ केलं म्हटलं तर ते खोटं होईल. तेव्हा प्राचार्यांनी विचारलं तरी मी तुमची नावं घेतली नाहीत, कारण मला वाटलं, सामना झाल्यावर तू येशील. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. नंतर आठवडाभर."

"मी काय करू, सांग."

"मला सांगून काय उपयोग? मला तर पहिल्यापासून माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग." आणि त्याने छिन्नी दगडाला लावली. आम्हाला बसा म्हणाला नाही, जा म्हणाला नाही.

दादाने त्याच दिवशी वहिनीला सांगितलं. ती ऐकून घेतल्यावर उठली, फोटो भिंतीवरून काढला आणि कपाटाच्या मागे उभा करून ठेवला. "इतकी वर्षं मी ह्याची धूळ पुसत्ये," एवढंच म्हणाली आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. मग बोलायला लागली. धाकट्या मुलीला जास्त वेळ लागला.

कॉलेजला दादाने स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. मी म्हटलं, मी एकदा नजर घालते, तर म्हणाला, नको, हा पेपर माझा मला लिहू दे. त्याची एक प्रत मोतीला पाठवली. मी माझं वेगळं पत्र लिहिलं, पाकिटाबद्दल. कॉलेजचं दोन ओळींचं उत्तर आलं, की त्या काळातली कागदपत्रं उपलब्ध नाहीत, आपल्या भावना पोहोचल्या. शिट्टी सरांचा मात्र फोन आला. "म्हातारपणी माझ्या तोंडाला काळं फासलंस," म्हणाले. "तुला माणसांत कुणी आणलं?" दादा म्हणाला, "तुम्हीच आणलं सर. ते मी पत्रात सगळ्यात आधी लिहिलंय." सरांनी फोन ठेवला. मोतीकडून एक कार्ड आलं, तशाच मोत्यासारख्या अक्षरात. "पत्र मिळालं. शुद्धलेखनाच्या अकरा चुका आहेत. बाकी बरोबर आहे."

दादा ते कार्ड वाचून हसला आणि मग तोंड धुवायला गेला. बराच वेळ आत होता.

पत्राने कॉलेजात काही होत नाही म्हटल्यावर एका सकाळी सरावाच्या वेळी तो मैदानावर गेला. मी होतेच. आताच्या शिक्षकांनी मुलांना बसवलं. त्यांना वाटलं, जुना खेळाडू चार युक्तीच्या गोष्टी सांगेल. दादाने दहा मिनिटांत सगळं सांगितलं. सरांचं नाव न घेता सांगितलं, स्वतःचं घेऊन सांगितलं. मुलं घामेजलेली, चुळबुळत बसली होती. शिक्षक घड्याळ बघत होते. दादा संपवून बाजूला झाला. मग मागून एकाने विचारलं, "पण सामना जिंकलात ना?"

"जिंकलो," दादा म्हणाला.

तो मुलगा मान हलवून बुटाची नाडी बांधायला लागला. शिक्षकांनी शिट्टी वाजवली आणि मुलं खेळायला उठली.

त्यानंतर मोतीची नि आमची गाठ एकदाच पडली, बाजारात. दादाने हात जोडले. मोतीने मान हलवली, "गुडघा कसाय?" विचारलं, उत्तर ऐकलं आणि भाजीची पिशवी घेऊन पुढे गेला. दादाला तेवढंही जास्त वाटलं. आता कुठल्या लग्नकार्यात कुणी म्हाताऱ्याने त्या सामन्याचा विषय काढला, की दादा त्याला बाजूला घेऊन सगळी हकिकत सांगतो. माणूस अवघडतो, ताटावरून उठू बघतो. वहिनी लांबून खुणा करते, पुरे म्हणून. दादा सांगून पुरं करतो. मी जवळ असले तर पाकिटाचा भाग मी सांगते.